आधी अर्थ, मग स्पेलिंग



या वेळी गुरुजींनी 'माझे मत' हा विषय दिला आहे. म्हणून मी स्पेलिंग स्पर्धेबद्दल माझे मत लिहीत आहे. कोणाला राग आला तर लहान समजून माफ करावे.

आपल्या वर्गात इंग्रजी स्पेलिंगची निवड चाचणी झाली, हे तुम्हाला माहीतच आहे. केंद्राच्या स्पर्धेसाठी पन्नास कठीण शब्दांची यादी फळ्याशेजारी लावली होती. एकेक जण बाद होत गेला. शेवटी मी आणि माझी मैत्रीण अशा दोघीच उरलो. तिला 'टंग' हा शब्द आला. तिने शब्द ऐकल्याबरोबर जीभ बाहेर काढून दाखवली. सारा वर्ग हसला. मग तिने स्पेलिंग सांगितले, टी यू एन जी. ते चुकले. खरे स्पेलिंग टी ओ एन जी यू ई असे आहे. ती बाद झाली. मला 'नेसेसरी' हा शब्द आला. मी एका दमात एन ई सी ई एस एस ए आर वाय म्हणून टाकले. टाळ्या पडल्या आणि माझा पहिला नंबर आला.

पण खरे सांगते, 'नेसेसरी' म्हणजे काय ते मला तेव्हा माहीत नव्हते. मैत्रिणीला शब्द समजला होता, तरी ती बाद झाली. मला शब्द समजला नव्हता, तरी माझा नंबर आला. मधल्या सुट्टीत ती म्हणाली, "मले अर्थ येते, पण अक्षरं पळून जातात." मला तिच्याकडे पाहावले नाही.

घरी माझा सराव आजी घेते. आजी चौथी शिकलेली आहे. तिच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होते आणि तिची शाळा चौथीतच सुटली. म्हणून तिला इंग्रजी येत नाही. आपल्याला मात्र पहिलीपासून इंग्रजी आहे, कारण महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. मी आजीला एका कागदावर सर्व शब्दांची अक्षरे मराठीत लिहून दिली. मी म्हणते आणि ती कागदावर बोट ठेवून तपासते. एकही चूक सोडत नाही.

पण प्रत्येक शब्द झाला की आजी विचारायची, "म्हणजे काय वं?"

मला राग आला. मी म्हटलं, "आजी, तू फक्त अक्षरं पाय ना." आजी म्हणाली, "अवं, नाव मालूम नसलं त माणसाले हाक कशी मारशीन?" मग मी यादी घेऊन बसले आणि ज्यांचा अर्थ येतो त्यांच्यापुढे टिंब दिले. पन्नासपैकी एकोणीस टिंबे झाली. बाकीचे एकतीस शब्द मी नुसते पाठ केले होते.

त्या एकतीस शब्दांत एक शब्द होता 'मॉंगूस'. एम ओ एन जी ओ ओ एस ई. मला वाटले हा एखादा परदेशी पक्षी असेल, कारण 'गूस' म्हणजे हंसासारखा पक्षी हे मला माहीत होते. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी कपाटातला शब्दकोश काढून दिला. पाहतो तर काय, मॉंगूस म्हणजे आपले मुंगूस! गुरुजींनी सांगितले की हा शब्द इंग्रजीने आपल्या मराठीतूनच घेतला, पोर्तुगीज लोकांच्या मार्फत. एका गूसचे अनेक 'गीस' होतात, पण मॉंगूसचे 'मॉंगीस' होत नाही, कारण त्याचा पक्ष्याशी संबंधच नाही. मी घरी येऊन आजीला सांगितले. आजी म्हणाली, "मंग आधी काऊन नाही सांगतलं? आपल्या धुऱ्यावर रोज दिसते. हे त आपलंच हाय. साहेबानं नेलं अन् मांगून शेपूट लावून वापस देलं." आजीचे म्हणणे शेवटच्या 'ई' बद्दल होते. तेव्हापासून मी ते स्पेलिंग कधीच विसरले नाही.

'ऑरेंज' शब्दाचेही असेच आहे. आपल्या कळमेश्वर भागात संत्र्याच्या बागा आहेत, म्हणून तो शब्द आपण सर्व जण ओळखतो. पण तो संस्कृतातल्या 'नारंग' पासून निघाला, हे मला माहीत नव्हते. तो फारसीत गेला, अरबीत गेला, मग युरोपात गेला. वाटेत त्याचा पहिला 'न' गळून पडला. 'कॉट' म्हणजे आपली खाट आणि 'लूट' म्हणजे आपली लूटच. म्हणजे जे शब्द आपल्याला कठीण म्हणून दिले जातात, त्यांतले काही आपल्याच दारातून गेलेले आहेत. अर्थ विचारला नाही तर हे कळणार कसे?

आता कोणी म्हणेल की इंग्रजी स्पेलिंगच वाईट, लिहितात एक आणि वाचतात दुसरे. मलाही तसेच वाटायचे. 'नाइफ' मध्ये 'के' कशाला, असे मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, पूर्वी इंग्रज लोक तो 'के' खरोखर उच्चारत असत. इंग्लंडमध्ये १४७६ साली विल्यम कॅक्स्टन याने छापखाना सुरू केला. पुढे छापून छापून स्पेलिंग पक्के होत गेले, पण लोकांची बोलायची रीत बदलत राहिली. म्हणून 'के' कागदावर राहिला आणि तोंडातून गेला. 'आयलंड' मधला 'एस' तर लॅटिन शब्दासारखा दिसावा म्हणून विद्वानांनी मागाहून चुकीने घातला आहे. मला हे ऐकून फार बरे वाटले. मोठे लोकसुद्धा चुकतात.

आणि आपल्या मराठीतही तसे आहेच. 'चहा' आणि 'चाक' यांत 'च' एकच लिहितो, पण उच्चार दोन करतो. 'जीभ' आणि दळायचे 'जाते' यांतला 'ज' म्हणून पाहा. उलट आपला 'ळ' लिहायला इंग्रजीत वेगळे अक्षरच नाही. ते कळमेश्वरचा 'ळ' एलनेच भागवतात. म्हणून कोणत्याही भाषेला हसू नये.

गुरुजींनी आम्हाला अमेरिकेतल्या मोठ्या स्पेलिंग स्पर्धेची माहिती सांगितली. ती १९२५ साली सुरू झाली. १९८५ साली बालू नटराजन हा भारतीय वंशाचा मुलगा तेथे प्रथमच जिंकला. त्यानंतर भारतीय घरांतली पुष्कळ मुले जिंकली. तेथे मुलांना शब्दाचा अर्थ विचारता येतो, तो कोणत्या भाषेतून आला हे विचारता येते, आणि वाक्यात वापरून दाखवा असेही म्हणता येते. २०२१ सालापासून तर मंचावर शब्दाचा अर्थही विचारतात. त्याच वर्षी झैला अवांत-गार्ड ही चौदा वर्षांची मुलगी जिंकली. तिचा शेवटचा शब्द 'मुराया' होता. ते झाडांच्या एका गटाचे शास्त्रीय नाव आहे. आपल्या अंगणातल्या गोडलिंबाला, म्हणजे कढीपत्त्याला, 'मुराया कोएनिजी' म्हणतात. जगातला एवढा कठीण शब्द आपल्या कढीत पडतो!

म्हणून माझे मत असे आहे. स्पेलिंगला एक गुण द्यावा आणि अर्थालाही एक गुण द्यावा. अर्थ मराठीत सांगितला तरी चालावा. जीभ बाहेर काढून दाखवली तरी चालावी. शब्द कळला नाही तर मुलाला 'अर्थ सांगा' असे म्हणण्याची परवानगी असावी.

दुसरे असे की यादीतले दहा शब्द मुलांनी घरून आणावे. मी घरी शोधले. गोळ्यांच्या पाकिटावर 'एक्सपायरी' लिहिलेले असते, म्हणजे औषधाची मुदत. बाबांच्या फवारणीच्या डब्यावर 'पॉइझन' लिहिलेले होते, म्हणजे विष. डब्यावर रंगीत त्रिकोणही असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. आपल्या विदर्भातच, यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले होते. 'पॉइझन' चे स्पेलिंग येऊन अर्थ न येणे हे चांगले नाही. हा शब्द आपल्या यादीत नव्हता.

वर्गातला एक मुलगा म्हणाला, अर्थ विचारत बसलो तर स्पर्धा रात्रीपर्यंत चालेल. त्याचे म्हणणे काही खोटे नाही. मग पन्नासऐवजी पंचवीसच शब्द ठेवा. गुरुजी म्हणाले की केंद्राचे नियम आपल्याला बदलता येत नाहीत. तेही बरोबर आहे. पण केंद्राचे नियम केंद्रात पाळू, आपल्या वर्गाचा नियम तर आपण करू शकतो.

केंद्राच्या स्पर्धेला मी जाणार आहे. राहिलेल्या एकतीस शब्दांचे अर्थ माझी मैत्रीण आणि मी शब्दकोशात शोधतो. ती मला अर्थ समजावते, मी तिला अक्षरे घोकून देते. आतापर्यंत बावीस झाले. नऊ राहिले. पुढच्या वर्षी ती माझ्या पुढे जाईल, असे मला वाटते. गेली तर चालेल.

शेवटी पालकांना एक विनंती. तुम्ही म्हणता, आम्हाला इंग्रजी येत नाही, आम्ही काय अभ्यास घेणार? माझ्या आजीलाही येत नाही. तुमचे मूल शब्द घोकत बसले की तुम्ही फक्त एवढेच विचारा, "म्हणजे काय?" सांगता आले तर पाठ थोपटा. नाही आले तर उद्या शाळेत विचारून ये म्हणा.

आणि हो, 'नेसेसरी' म्हणजे आवश्यक.

चूकभूल द्यावी घ्यावी.

इयत्ता ४ थी ची एक विद्यार्थिनी