खिशातला कॅमेरा की गळ्यातला?



या खेपेला पत्रांच्या गठ्ठ्यात एक पत्र निराळे निघाले. त्यात ना खताचा प्रश्न, ना करप्याचा. नाशिक जिल्ह्यातले एक कांदा-उत्पादक लिहितात की, धाकटे चिरंजीव बारावी झाले, वर्षभर तालुक्याच्या फोटो स्टुडिओत हाताखाली काम करतात, आणि आता त्यांना स्वतःचा 'मिररलेस' कॅमेरा हवा आहे. लेन्ससकट खर्च दीड लाखाच्या पुढे सांगतात. उन्हाळ कांद्याचे पैसे हातात आहेत, पण चाळीचे पत्रेही बदलायचे आहेत. "साहेब, एवढ्या पैशात नेमके काय मिळते? आणि खिशात मावणारा छोटा कॅमेरा घेतला तर काय बिघडते?" पत्राच्या तळाशी वहिनींनी वेगळ्या अक्षरात एक ओळ जोडली आहे. बचत गटाच्या पापड-कुरडयांचे फोटो काढायला त्यांना लहानच बरा वाटतो.

मला हा प्रश्न गंभीर वाटतो. दीड लाख म्हणजे चाळीचे पत्रे, किंवा एकराचे ठिबक होऊन वर काही उरेल अशी रक्कम. तेव्हा नीट पाहू. माझ्यापाशी सोनीचा आरएक्स-१०० हा खिशातला कॅमेरा बरीच वर्षे आहे. शिवारफेरीत तो माझ्या सदऱ्याच्या खिशात असतो. माझा पुतण्या लग्नसराईत सोनीचाच अल्फा-७ मार्क-३ वापरतो, तोही मी पुष्कळदा हाताळला आहे. पहिला २०१२ साली निघाला, दुसरा २०१८ साली. या दोघांवरच बोलतो, म्हणजे हवेतले बोलणे होणार नाही.

आधी नावाचा उलगडा. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक तिरपा आरसा असे. लेन्समधून आलेले चित्र त्या आरशावरून वर जाई आणि आपण डोळा लावतो त्या खिडकीत दिसे. बटण दाबले की आरसा फटकन वर उचलला जाई. लग्नात ऐकू येणाऱ्या 'खट्याक' आवाजातला मोठा वाटा त्याचाच. मिररलेस म्हणजे हा आरसाच काढून टाकलेला कॅमेरा. प्रकाश सरळ आतल्या संवेदकावर पडतो आणि खिडकीत छोट्या पडद्यावर चित्र दिसते. तसे पाहिले तर खिशातल्या कॅमेऱ्यातही आरसा नसतोच! मग फरक कशात? दोन गोष्टींत: एकाची लेन्स बदलता येते, दुसऱ्याची येत नाही, आणि संवेदकाचा आकार.

संवेदक म्हणजे प्रकाश टिपणारी चकती. पूर्वी ३६ फोटोंचा रोळ येत असे, त्यातल्या एका चौकटीएवढा संवेदक अल्फा-७ मध्ये आहे, ३५.६ बाय २३.८ मिलिमीटर. आरएक्स-१०० मधला १३.२ बाय ८.८ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. क्षेत्रफळ काढले तर मोठा सातपटीहून थोडा अधिक भरतो. आणि गंमत अशी की मेगापिक्सेल जवळजवळ सारखे: मोठ्यात २४, छोट्यात २०. दुकानात गिऱ्हाईक पहिला प्रश्न मेगापिक्सेलचा विचारते, आणि तोच सर्वांत निरुपयोगी आहे.

असे समजा, एका गुंठ्यात जितकी रोपे लावली, जवळपास तितकीच शेजारी सात गुंठ्यांत लावली. सात गुंठ्यांतल्या प्रत्येक रोपाला जागा जास्त, पाऊस जास्त. गुंठ्यातल्या रोपांची दाटी झाली. पाऊस भरपूर असेल तर दाटीतली रोपेही तग धरतात, पण ओढ दिली की फरक दिसतो. इथे पाऊस म्हणजे प्रकाश. भर दुपारी बांधावर उभे राहून दोन्ही कॅमेऱ्यांनी कांद्याच्या वाफ्याचा फोटो काढा, पोस्टकार्डाएवढा छापा आणि घरच्यांपुढे ठेवा. कोणता कशाचा हे ओळखणे त्यांना कठीण जाईल. पण रात्रीची हळद, मांडवात चार पिवळे दिवे, आणि नवरी हलते आहे, असा प्रसंग आला की छोट्याच्या चित्रात रवा सांडल्यासारखे दाणे उमटतात आणि चेहरे पुसट होतात.

त्यात छोट्याची आणखी एक अडचण आहे. त्याची लेन्स जवळच्या टोकाला एफ-१.८ इतकी उघडते, पण झूम पुढे नेला की एफ-४.९ वर येते. आकड्यात हा फरक लहान दिसतो, प्रत्यक्षात प्रकाश सातव्या हिश्श्याच्या आसपास येतो. म्हणजे ज्या वेळी लांबून फोटो घ्यायचा, नेमकी त्याच वेळी आबाळ.

लग्नाच्या धंद्याला मोठ्याची आणखी एक सोय मला फार मोलाची वाटते. त्यात कार्डाच्या दोन जागा आहेत आणि एकच फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर उतरवता येतो. एक कार्ड बिघडले तरी दुसरे शाबूत. मंगलाष्टके पुन्हा म्हणवून घेता येत नाहीत, आणि मुलीकडच्या मंडळींना "कार्ड गेले" असे सांगण्याची पाळी ज्या छायाचित्रकारावर येते, त्याचे त्या पंचक्रोशीतले काम संपते. बॅटरीही एका भरणीत कंपनीच्या मापाने सुमारे ७०० फोटो देते, छोट्याची ३३० च्या आसपास.

आता शेताकडे वळू, कारण इथे पारडे फिरते.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली कर्नाटकात प्रथम आढळली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. ती ओळखायची तर डोक्यावर उलट्या 'वाय' अक्षरासारखी फिकट खूण आणि शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके दिसले पाहिजेत. फोटोत हे दोन्ही एकदम स्पष्ट आले तरच तज्ज्ञाला ठामपणे सांगता येते. मोठ्या कॅमेऱ्याला ९० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स लावली तर अळीच्या अंगावरचे केससुद्धा मोजता येतात, यात शंका नाही. पण मोठ्या संवेदकाची तीक्ष्णतेची पट्टी अशा वेळी अगदी अरुंद असते. डोके स्पष्ट आले तर शेपूट धुरकट. झडप एफ-११, एफ-१६ पर्यंत बारीक करावी लागते, मग प्रकाश कमी पडतो, मग हात हलतो. छोट्या संवेदकात ही पट्टी आपोआप रुंद मिळते आणि तीन-चार सेंटिमीटरची अळी डोक्यापासून शेपटीपर्यंत बऱ्यापैकी ठसठशीत येते. फुलकिडे मात्र त्याच्या आवाक्याबाहेर. मिलिमीटरभराच्या किड्याला मॅक्रो लेन्सच हवी, नाहीतर दहापट दाखवणारे साधे भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्यापुढे धरावे.

छोटा कॅमेरा झूम न करता वापरला तर पाच सेंटिमीटरवरून फोटो घेऊ शकतो, मात्र त्याची स्वतःची सावली पानावर पडते. सूर्य बाजूला ठेवून उभे राहावे. झूम केला तर ५५ सेंटिमीटर मागे सरावे लागते. आणि उन्हात त्याचा पडदा दिसत नाही, ही माझी रोजची तक्रार. डोळा लावायची खिडकी त्याला नाही, टोपीची सावली धरून काम भागवतो.

वजनाचे बोलायलाच नको. छोटा २४० ग्रॅम, बॅटरी-कार्डासह. मोठा ६५० ग्रॅम, त्यावर मॅक्रो लेन्स ६०२ ग्रॅम. दोघे मिळून सव्वा किलो गळ्यात अडकवून उसाच्या सरीत शिरून बघा! धुळीचे दोघांनाही वावडे. मोठ्याची लेन्स शेतात बदलली की धूळ थेट संवेदकावर बसते, पण ती साफ करता येते. छोट्याच्या आत लेन्सच्या नळीतून धूळ गेली तर कारागिराकडेच उघडावा लागतो.

आणि आता खरी गोष्ट. घरच्या वापराला आज दोन्ही लागत नाहीत. २०१० साली जगभर सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, २०२३ साली तो आकडा ८० लाखांच्याही आत आला. घसरण मुख्यतः खिशातल्या कॅमेऱ्यांची, आणि ती केली मोबाईलने. २०२१ साली सुरू झालेली ई-पीक पाहणी घ्या. तिथे पिकाचा फोटो मोबाईलच्या ॲपमधूनच जातो, दीड लाखाचा कॅमेरा तिथे काही कामाचा नाही. वहिनींनी आपला मोबाईलच वापरावा. पापड सकाळी नऊच्या आत, खिडकीजवळ, गडद रंगाच्या लुगड्यावर मांडावेत आणि मोबाईलची काच आधी मऊ सुती फडक्याने पुसावी. निम्म्या फोटोंचा धुरकटपणा बोटांच्या तेलाचा असतो.

चिरंजीवांचे म्हणाल तर त्यांना लग्नाचा धंदा करायचा आहे, आणि त्या कामाला खिशातला कॅमेरा पुरणार नाही. तो घेऊन पैसे वाचले असे वाटेल, पण पहिल्याच रात्रीच्या वरातीला तो तोकडा पडेल. मात्र चाळ थांबवून कॅमेरा घेऊ नये. पत्रे गळके राहिले तर पुढच्या पावसात कांदा सडेल आणि तोट्यात कॅमेराच विकायची वेळ येईल. आधी पत्रे घाला. चिरंजीवांनी ही लग्नसराई स्टुडिओच्याच कॅमेऱ्यावर काढावी आणि किती कामे स्वतःच्या नावावर मिळाली ते वहीत मांडावे. कामे दिसली तर नव्याचा हट्ट न धरता वापरलेला अल्फा-७ मार्क-३ पाहावा. त्याच्या पुढचा मार्क-४ हा २०२१ मध्येच आला, म्हणून मार्क-३ चे फोटो वाईट झाले असे नाही. सोबत मिळणारी २८-७० ची लेन्स रात्री कमी पडते. तिच्या जोडीला ५० मिलिमीटर एफ-१.८ घ्यावी, ती हलकी आहे आणि सोनीच्या लेन्समध्ये स्वस्तातली. सावकाराचे पैसे यात मुळीच घालू नयेत.

वापरलेला घेताना, झडप एफ-१६ वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा आणि मोठा करून पाहावा. काळे डाग दिसले तर संवेदकावर धूळ आहे. लेन्स उजेडाकडे धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी आणि लेन्स परत द्यावी. बिलावरचा आणि कॅमेऱ्याच्या तळाशी असलेला क्रमांक ताडून पाहावा. घरी आणल्यावर पावसाळ्यात तो कातडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. आपण भाजीचे बी जपतो तसाच. फक्त ज्या कपाटात कीटकनाशके असतात त्यात मात्र नको.