इलेक्ट्रिक सुपरचार्जर: घाटात गाडी खरंच जोर धरते का?

जव्हार तालुक्यातल्या साखरशेतच्या एका मित्राने मला परवा एक रील पाठवली. एअर फिल्टरच्या पाइपात छोटा इलेक्ट्रिक पंखा बसवायचा, की गाडीची पॉवर वाढते म्हणे! त्याची 1.2 लिटरची जुनी पेट्रोल गाडी माणसं भरली की घाटात धापा टाकते. त्याने विचारलं, "दोन-तीन हजार घालू का?"

मी आधी हिशोब मांडला.

मुळात कल्पना खोटी नाही. इंजिनात जास्त हवा कोंबली की जास्त पेट्रोल जाळता येतं आणि ताकद वाढते. टाटाच्या टियागो आणि नेक्सॉन, दोन्हींत 1199 सीसीचं पेट्रोल इंजिन येतं. पण टर्बो नसलेली टियागो 86 पीएस देते, तर टर्बोवाली नेक्सॉन 120 पीएस.

गोची आहे ती पंख्याच्या ताकदीत. 1.2 लिटरचं इंजिन 6000 आरपीएमला सेकंदाला साधारण 60 लिटर हवा ओढतं. तेवढ्या वेगात हवेचा दाब 40 टक्क्यांनी वाढवायचा, तर कॉम्प्रेसरला 4 ते 5 किलोवॉट लागतात. 12 व्होल्टवर 4 अँपिअर घेणारा पंखा म्हणजे फक्त 48 वॉट. जवळपास शंभरपट कमी! वर इंजिन जोरात हवा ओढू लागलं, की हाच पंखा वाटेत आडवा येतो.

मग खरा इलेक्ट्रिक सुपरचार्जर नसतोच का? असतो ना. ऑडीने 2016 मध्ये एसक्यू7 च्या डिझेल इंजिनात तो दिला. त्याची मोटर 7 किलोवॉटची, वेग 70,000 आरपीएमपर्यंत आणि त्यासाठी वेगळी 48 व्होल्टची यंत्रणा. तिथेही त्याचं काम टर्बो जागे होईपर्यंतची पोकळी भरून काढण्याचं. पाव सेकंदात तो पूर्ण वेग धरतो. हे सगळं दोन-तीन हजारांत कसं बसणार?

शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, हेही लक्षात ठेवा.

मित्राला म्हटलं, त्याच पैशांत एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदल, क्लच तपासून घे, टायरमधली हवा बघ. चढावर एसी बंद ठेव, गिअर वेळेत खाली टाक. आणि गाडीत दोन माणसं कमी बसव. घाटात याचाच फरक पडेल.