काट्यावरची पावती आणि प्रिंटरची मुदत



गेल्या हंगामात गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास, रात्री दीडच्या पुढे आपल्या काट्यावर जो गोंधळ झाला, त्याची चर्चा गावोगावच्या पारावर झाली. तिखटमीठ लावूनही झाली. एका सभासदाच्या एकाच खेपेच्या दोन पावत्या निघाल्या आणि मागच्या गाडीवानाच्या हातात अर्धीच पावती पडली. तिच्यावर सभासदाचे नाव होते, निव्वळ वजनाचा रकाना मात्र कोरा. गाडीवान म्हणाला, "वजन कुठं गेलं? मशिनीनं खाल्लं का?" लोक हसले, पण त्या हसण्यात संशय होता. काट्यावरचा संशय हा हुमणीसारखा असतो. वरून ऊस हिरवा दिसतो, खाली मुळ्या कुरतडल्या जात असतात.

म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी संगणकातील नोंदी ताडून पाहिल्या. दोन्ही गाड्यांचे वजन पूर्ण आणि एकदाच नोंदले गेले होते. काटा बरोबर होता, कारकूनही प्रामाणिक होता. चूक होती ती एका आकड्यात. संगणकाने प्रिंटरची आणि प्रिंटरने संगणकाची किती सेकंद वाट पाहायची, हा तो आकडा. याला टाइमआउट म्हणतात. आपण साधी 'मुदत' म्हणू.

या मुदती दोन ठिकाणी असतात. पहिली संगणकात. कागद संपला, फीत अडकली, की प्रिंटर मजकूर घेईनासा होतो. संगणक काही वेळ थांबतो आणि मग 'छपाई झाली नाही' असे सांगतो. जुन्या जाड तारेने जोडलेल्या प्रिंटरसाठी विंडोजमध्ये ही मुदत मुळात ९० सेकंदांची असते. आता आपल्या कारकुनाला तीन प्रतींचा कार्बन कागद नीट बसवायला रात्री दोन मिनिटे लागली, तर ९० सेकंद आधीच संपलेले असतात. पडद्यावर सूचना दिसते, मागून हॉर्न वाजतो, कारकून घाईत पुन्हा बटण दाबतो. कागद बसताच पहिलीही पावती निघते आणि दुसरीही.

दुसरी मुदत प्रिंटरमध्ये किंवा त्याच्या नेटवर्क कार्डात. नेटवर्कवरचा प्रिंटर साधारणपणे एका वेळी एकाच संगणकाचे काम घेतो. त्या संगणकाने जोडणी सोडली नाही, तर बाकीचे खोळंबतात. मजकूर येणे थांबल्यावर किती वेळाने जोडणी तोडायची, याचा आकडा एका नावाजलेल्या बनावटीच्या कार्डात मुळात २७० सेकंद असतो, म्हणजे साडेचार मिनिटे. साडेचार मिनिटांत काट्यावर किती गाड्या येतात, हे आम्ही तुम्हाला सांगायला नको. उलट ही मुदत फारच आखूड केली, तर पावतीचा मजकूर मध्येच क्षणभर थांबला तरी प्रिंटर समजतो की काम संपले. पावती अर्ध्यावर तुटते आणि दुसऱ्या संगणकाचा मजकूर खाली चिकटतो. आपल्याकडे नेमके तेच झाले होते. शेतकी ऑफिसचा तोडणी अहवाल त्याच प्रिंटरवर सोडला होता.

सांगायचा मुद्दा असा की, कंपनीने घालून दिलेले आकडे शहरातल्या थंड ऑफिससाठी असतात. तिथे पाचटाची धूळ नसते, विजेचा झटका नसतो, मागे पन्नास ट्रॉल्यांची रांग नसते. दुसऱ्याच्या अंगाचा सदरा आपल्याला कसा बसेल? काही मंडळी म्हणतात, नवा प्रिंटर घ्या, कटकट मिटेल. आमचे मत तसे नाही. नवा प्रिंटरही तेच आकडे घेऊन येणार. काही म्हणतात, हाताच्या पावत्याच बऱ्या होत्या. त्या काळी तिसऱ्या कार्बनवरचा आकडा तीन की आठ यावरून झालेली भांडणे ते विसरले असावेत.

आमच्या सूचना साध्या आहेत. काट्याचा प्रिंटर काट्याचाच राहावा, ऑफिसचे अहवाल त्यावर सोडू नयेत. हंगामापूर्वी घड्याळ लावून पाहावे, की कागद बदलायला जास्तीत जास्त किती वेळ लागतो आणि एक पावती छापताना मजकूर किती थांबतो. संगणकाची मुदत कागद बदलण्याच्या वेळेपेक्षा जास्त असावी. प्रिंटरची मुदत पावतीतल्या थांब्यापेक्षा जास्त, पण दोन गाड्यांमधल्या वेळेपेक्षा कमी असावी. ठरलेले आकडे काट्याच्या खोलीत फळ्यावर लिहावेत. ते बदलणाऱ्याने तारीख घालून सही करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वजन आधी संगणकात पक्के नोंदवावे, छपाई नंतर. पुन्हा छापलेल्या पावतीवर तोच क्रमांक आणि 'दुसरी प्रत' हे शब्द ठळक यावेत.

यावर कोणी म्हणेल, एवढ्याशा सेकंदांसाठी एवढा कागद कशाला काळा केला? बंधूंनो, सरकारनेही कारखान्यांना मुदत घालून दिली आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. ते १४ दिवस मोजायचे कशावरून? त्या पावतीवरच्या तारखेवरून. बिलाची रक्कम ठरते तीही त्यावरच्या वजनावरून. वैधमापन खाते काट्याची पडताळणी करून शिक्का मारते, प्रिंटरला असा शिक्का नसतो. तो आपणच मारायचा, आपल्या शिस्तीने.

सभासदांनीही आपले काम करावे. बाहेरच्या फलकावरचा आकडा आधी पाहावा आणि पावतीशी ताडावा. अर्धी पावती खिशात घालून घरी जाऊ नये. तिथल्या तिथे विचारावे, पण कारकुनाच्या डोक्यावर बसून घाई करू नये. बारा-पंधरा महिने पाणी पाजून, रात्री-अपरात्री मोटार चालू करून आणलेल्या उसाचा हिशोब दोन मिनिटे थांबण्याच्या लायकीचा नक्कीच आहे.

बॉयलर पेटण्याआधी आपण प्रत्येक नळी, प्रत्येक झडप तपासतो. येत्या मोळीपूजनाआधी एक दिवस काट्यावर रिकाम्या गाड्या घेऊन पावत्यांचीही चाचणी व्हावी आणि ती पाहायला गटागटातून दोन-दोन सभासदांना बोलवावे, अशी आमची संचालक मंडळाला आग्रहाची विनंती आहे. डोळ्यांदेखत चाचणी झाली, की पारावरचे निम्मे बोलणे आपोआप थांबेल.

— संपादक मंडळ