छापील पोलादाला वेगळी कसोटी हवी

३१६एल या स्टेनलेस स्टीलच्या पत्र्याने कायमचे वाकण्यापूर्वी किमान १७० मेगापास्कल ताण सोसावा, एवढीच मानकाची अपेक्षा असते. त्याच मिश्रधातूची भुकटी लेसरने थरावर थर वितळवून अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील संशोधकांनी नमुने छापले, तेव्हा हा आकडा ४५० ते ५९० पर्यंत गेला, आणि धातू ठिसूळही झाला नाही. २०१८ साली ‘नेचर मटेरिअल्स’मध्ये आलेल्या या निष्कर्षाचे मूळ गोठण्याच्या वेगात आहे. लेसरखालचे वितळलेले थारोळे मिलिमीटरच्याही अंशाएवढे असते आणि ते सेकंदाला लाखो अंशांच्या गतीने थंड होते. त्यामुळे स्फटिककणांच्या आत जेमतेम मायक्रॉनभर रुंदीचे कप्पे तयार होतात. त्यांच्या भिंतींत स्फटिकरचनेतील विस्थापने दाटीने अडकतात आणि मॉलिब्डेनम-क्रोमियमही तिथेच साचते. या भिंती धातूचे सरकणे अडवतात, पण पुरते थांबवत नाहीत. बळ आणि लवचीकपणा एकत्र नांदतात ते यामुळे. धातुशास्त्रातली ही खरोखर मोठी मिळकत आहे.

पण असा आकडा भुरळ घालतो. म्हणूनच आग्रहाने सांगावेसे वाटते, की केवळ खेचचाचणीच्या, म्हणजे नमुना ताणून बळ मोजण्याच्या, दाखल्यावर छापील सुटा भाग स्वीकारू नये. ती चाचणी नमुन्याचे सरासरी बळ सांगते. लाखो वेळा येणारा-जाणारा भार मात्र सर्वांत कच्ची जागा हुडकतो. लेसरची ऊर्जा कमी पडली तर दोन थरांमध्ये न वितळलेल्या भुकटीची सपाट फट राहते. जास्त झाली तर धातूची वाफ होऊन पडलेला खोल खड्डा कोसळतो आणि आत पोकळी उरते. यात सपाट फट जास्त घातक, कारण भाग छपाईच्या दिशेने ताणला की ती उघडते. शिवाय चाचणीसाठी शेजारी छापलेला जाड नमुना आणि प्रत्यक्ष भागाची पातळ भिंत सारख्या गतीने थंड होत नाहीत. मग नमुन्याचा दाखला भागाला कसा लागू पडेल?

यावर कारखानदार म्हणतील, ओतकामातही छिद्रे असतातच, आणि उष्ण दाबप्रक्रियेने ती बुजवता येतात. ते खरे आहे. परंतु हजार अंशांपुढच्या त्या तापमानात कप्प्यांच्या भिंतीही विरघळतात आणि वाढीव बळाचा मोठा भाग जातो. पृष्ठभागाला उघडी असलेली छिद्रे तर त्या दाबाने मिटतच नाहीत. प्रत्येक भागाची कसून तपासणी परवडत नाही, हा खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. भोसरी-चाकणच्या साचेकाराने छापलेल्या साच्याला तडा गेला तर त्याला थंड ठेवणारे पाणी गळेल, उत्पादन थांबेल. तिथे साधी तपासणी चालेल. अणुभट्टीची गोष्ट वेगळी. २०२१ मध्ये अलाबामातील ब्राउन्स फेरी अणुभट्टीत इंधनसंचांचे छापील स्टीलचे पकड-भाग बसवले गेले, पण त्यामागे ओक रिज प्रयोगशाळेची छपाई होती आणि पुढे नियमित तपासणीचे बंधन. जिथे भाग तुटल्यास माणूस दगावू शकतो, तिथे खरेदीदाराने प्रत्येक थराची नोंद, छपाईची दिशा, भुकटी कितव्यांदा वापरली याचा हिशेब आणि भागाचाच सीटी स्कॅन मागावा. आणि ज्याला हे देता येत नसेल त्या पुरवठादाराकडून तो भाग घेऊ नये, मग खेचचाचणीचा आकडा कितीही मोठा असो.