खिडकीच्या दोन बाजू

शाहूवाडी तालुक्यातून पुण्या-बंगळुरास जाऊन संगणकाच्या व्यवसायात ज्यांची पंचवीस-तीस वर्षे गेली, त्या मंडळींत अलीकडे एक गोड विकार बळावलेला दिसतो. जुने टाकून नवे घ्यावे हाच ज्यांच्या धंद्याचा मूलमंत्र, आणि हा उपदेश सर्व जगाला करण्याचे ज्यांना भरघोस वेतन मिळते, तीच माणसे सुटीत गावी येऊन मलकापूरच्या बाजारपेठेत चहाला बसली आणि त्यांच्या पहिल्या संगणकाची आठवण निघाली, की त्यांचा कंठ भरून येतो.

त्या आठवणींचा तपशील मोठा रम्य असतो. धुळीच्या भयाने प्रयोगशाळेच्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपला, काळ्या पडद्यावर लुकलुकणारी डॉसची खूण, १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर जिवापाड जपलेला आणि परीक्षेच्या आदल्या रात्री हमखास न उघडणारा प्रकल्प. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची ती कर्णकटु किरकिर आणि दोन्ही कडांना भोके असलेला, न संपणारा कागद. दूरध्वनीच्या तारेतून इंटरनेट जोडले जाताना मोडेमने काढलेले विव्हळणे. आणि आंबा घाटाकडून पावसाची झड येऊन वीज गेली, की यूपीएसने मांडलेला आकांत. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केल्याचा अभिमान ही मंडळी बाळगतातच. परंतु त्याच संस्थेच्या जिस्ट कार्डामुळे साध्या संगणकावर मराठी अक्षर प्रथम उमटलेले पाहिले तेव्हाचा आनंद सांगताना त्यांची वाणी अधिक ओथंबते. एका फॉन्टात लिहिलेला अर्ज दुसऱ्या कचेरीतील संगणकावर उघडला असता कोणत्याही मानवी भाषेशी नाते न सांगणारी चिन्हे दिसत, हा त्या काळचा नित्याचा मनस्तापही आता विनोदाच्या सदरात जमा झाला आहे.

या स्मरणरंजनाची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. शिशाचे खिळे जुळवण्यात हयात गेलेल्या छापखान्यातील जुळाऱ्यांनाही आपल्या काळ्या बोटांविषयी असेच ममत्व होते. ज्या विद्येने आपल्याला सतावले आणि सतावून शहाणे केले, तिच्याविषयी माया वाटणे हा मनुष्यस्वभावच आहे. माझा आक्षेप एवढाच, की या सर्व आठवणी खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या आहेत. ज्या यंत्राची किरकिर आतल्याला संगीतासारखी आठवते, ती ऐकत खिडकीबाहेर जो ताटकळत उभा होता, त्याचा जबाब अद्याप कोणी नोंदवलेला नाही.

तो नोंदवायचा झाल्यास फार दूर जाण्याचे कारण नाही. आमच्या तालुक्याच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या वारणेच्या खोऱ्यात, तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकारी परिवाराच्या परिसरात, १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यात केंद्र सरकार आणि राज्य सरकार यांच्यासह वारणा समूह सहभागी होता आणि तंत्राची बाजू राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे होती. बाजारभाव, शेतीचा सल्ला, जमिनीचे दाखले, शिक्षण अशी अनेक स्वप्ने त्या यंत्रांवर लादलेली होती. प्रत्यक्षात मात्र शेतकऱ्याने त्यांना आपल्या कामापुरतेच मानले. माझ्या उसाची नोंद झाली का, तोड केव्हा येणार, वजन किती भरले आणि बिल कधी जमा होणार, या प्रश्नांपलीकडे त्या चमत्काराकडून त्याची फारशी अपेक्षा नव्हती. आणि ज्याचा ऊस फडात वाळतो आहे आणि तोडणीची टोळी शेजाऱ्याच्या शिवारात उतरली आहे, त्याने दुसरी अपेक्षा का ठेवावी?

पुढे, २००७ च्या सुमारास, मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधकांनी याच वारणेच्या काही गावांत एक प्रयोग केला, आणि तो माझ्या मते आपल्या संगणक-इतिहासातील एक अत्यंत मिस्कील प्रकरण आहे. घरोघरी संगणक पोचवण्याच्या ध्येयातून ज्या कंपनीचा वैभवकाळ उभा राहिला, तिच्याच संशोधकांनी गावातील केंद्रावरचा संगणक बाजूला सारून त्याचे काम साध्या मोबाइलच्या एसएमएसवर सोपवून पाहिले. आणि ते स्वस्तात होते, शिवाय शेतकऱ्याची सोयही होते, असे त्यांना आढळले. संगणक गेला म्हणून कोणा ऊसउत्पादकाने उसासा टाकल्याची वार्ता नाही. त्याला हवा होता तो आकडा, आणि तो मिळत होता.

निरोपाची खरी किंमत निरोपाची वाट पाहणाऱ्याला कळते, हे निदान आमच्या तालुक्याला तरी कोणी शिकवायला नको. १३ जुलै १६६० रोजी शिवाजी महाराज विशाळगडावर सुखरूप पोचल्याची खूण म्हणून तोफांचे बार झाले आणि ते कानी पडेपर्यंत बाजीप्रभूंनी खिंड लढवली, असे परंपरा सांगते. त्या तोफा कोणत्या बनावटीच्या होत्या ही चिकित्सा आपण आज सवडीने करू शकतो; खिंडीत उभे असलेल्यांना बार ऐकू येणे पुरेसे होते.

तरीही जुन्या व्यवस्थेतील एक गोष्ट खिडकीबाहेरच्या माणसानेही गमावली आहे, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. आज अंकीय स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपये भरून घरबसल्या मिळतो, आणि तलाठी गावी नाही म्हणून मारावे लागणारे खेटे वाचतात, हे उत्तमच झाले. परंतु केंद्रावर बसलेला गावातलाच मुलगा पडद्यावरचा आकडा वाचून थांबत नसे. एकाच नावाच्या दोन खातेदारांपैकी कोणाची नोंद कोणाच्या नावे पडली हे तो चेहऱ्यावरून ओळखी, वजनात खोट वाटल्यास साखर कारखान्याच्या ऊसनोंदी पाहणाऱ्या चीटबॉयला गाठण्याचा सल्ला देई, आणि फेरफाराच्या भाषेतील गूढ वाक्य सोप्या मराठीत उलगडून सांगे. यंत्र लहान होत खिशात आले, पण हा दुभाषा त्या खिशात मावला नाही. म्हातारे आजोबा मोबाइलवरील संदेश वाचून घेण्यासाठी नातवाला शोधत फिरतात, तेव्हा त्यांना उणीव भासते ती त्या मुलाची.

म्हणून माझी सूचना अशी, की आमच्या अभियंत्यांनी आपली फ्लॉपी आणि आपले मोडेम यांचे गुणगान खुशाल करावे, किंबहुना तालुक्यातील एखाद्या सार्वजनिक वाचनालयाने त्या आठवणींचे रीतसर दप्तर बांधावे. मात्र त्यात केंद्रचालकाची, कारकुनाची आणि रांगेतल्या शेतकऱ्याची जबानीही शेजारी लावावी. त्यांपैकी कोणी त्या सुवर्णकाळाविषयी “साहेब, लाइट नव्हती, उद्या या म्हणायचे,” एवढेच सांगितले, तर तेही एक अक्षर न बदलता टिपून घ्यावे. त्या युगाचे इतके नेमके वर्णन आमच्या अभियंत्यांकडून अजून झालेले नाही.