ताटाला जपणारे यंत्र

गेल्या महिन्यात आमच्या शेजारची ताई कामावरून परतताना दारात थांबली. "जयभीम काका," म्हणाली, "तुमची सारी नोकरी वर्कशॉपात गेली, म्हणून विचारते. जुन्या मशिनी खरंच चाळीस-चाळीस वर्षं चालायच्या का हो?"

ती ज्या घरी धुणीभांडी करते तिथे चार वर्षांपूर्वी भांडी धुण्याचे यंत्र आले. त्याला डिशवॉशर म्हणतात. ते अचानक बंद पडले. दुरुस्तीवाला सांगून गेला की आतले कार्ड जळाले, नवे मागवावे लागेल. बाईसाहेबांची नणंद अमेरिकेत असते. ती फोनवर म्हणाली, आमच्या शेजारी १९७० च्या सुमाराचे यंत्र अजून धडधाकट आहे, हल्लीच्या मालात दमच नाही. आता या यंत्राच्या दमाशी आमच्या ताईला काय देणेघेणे, असे कोणी म्हणेल. तिचे देणेघेणे होते, ते शेवटी सांगतो.

"जुने ते सोने" म्हणून मला हात झटकता आले असते. पण ज्याने आयुष्यभर पत्रा कापला त्याला असे बोलून समाधान होत नाही. म्हणून मुळापासून सांगतो.

भांडी धुण्याच्या यंत्राचे पहिले पेटंट अमेरिकेत १८५० साली निघाले. ते लाकडी होते, हाताने चाक फिरवायचे आणि भांड्यांवर पाणी उडायचे, एवढेच. खऱ्या अर्थाने चालणारे यंत्र केले ते इलिनॉय राज्यातल्या शेल्बीव्हिल गावच्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी. घर श्रीमंतीचे, चिनी मातीची महागडी भांडी. नोकर ती घासत तेव्हा बश्यांचे टवके उडत. बाईंना ते सहन होईना. पुढे १८८३ साली पती वारले, मागे कर्ज राहिले, तेव्हा त्यांनी घरामागच्या शेडमध्ये एका मेकॅनिकला हाताशी धरून यंत्राचा ध्यासच घेतला. बश्या, कप यांची मापे घेऊन तारेचे कप्पे बनवले, ते कप्पे एका चाकावर बसवले आणि चाक तांब्याच्या टाकीत ठेवले. खालून साबणाचे गरम पाणी जोराने उडायचे. २८ डिसेंबर १८८६ रोजी त्यांना पेटंट मिळाले. १८९३ सालच्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या यंत्राला बक्षीस मिळाले, तेही उत्तम बांधणी आणि टिकाऊपणा यांसाठी!

त्या काळात एका विधवा स्त्रीने कारखाना उभा करावा ही लहान गोष्ट नाही. तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण भगिनींनो, एक बाब ध्यानात घ्या. भांडी घासणारीचे हात सोड्याने फाटतात म्हणून हे यंत्र जन्माला आले नाही. बशी फुटते म्हणून ते जन्माला आले. यंत्राची सारी मजबुती ताटाला जपण्यासाठी होती. पहिली गिऱ्हाइकेही मोठी हॉटेले होती. साध्या घरांत यंत्राला पुरेल एवढे गरम पाणीच नव्हते.

कॉक्रेनबाई १९१३ साली वारल्या. त्याच वर्षी बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला अमेरिकेत पोहोचले. बाईंची कंपनी १९२६ साली ओहायो राज्यातल्या होबार्ट या कंपनीने घेतली. होबार्टचा धंदा हॉटेलांच्या स्वयंपाकघरांतल्या अवजड यंत्रांचा. त्यांनी १९४९ साली किचनएड या नावाने घरगुती डिशवॉशर बाजारात आणला. अमेरिकेतले हौशी लोक आज जी जुनी यंत्रे दुरुस्त करून चालवतात, त्यांत या यंत्रांचे नाव आदराने घेतात. का, ते सांगतो. हॉटेलचे यंत्र दिवसभर राबते. ते बनवणाऱ्यांचा हात जड असतो. जाड पोलादी पत्र्याची टाकी, आतून भट्टीत भाजलेला एनॅमलचा थर, दणकट मोटर. वेळ पाहणारा टायमर घड्याळासारखा, दात्यांच्या चाकांचा. बिघडला तर पाना आणि टेस्टर घेऊन कोणीही जाणता फिटर उघडून पाहू शकेल. मला विचाराल तर जुन्या यंत्राची खरी थोरवी इथे आहे. ते उघडता येत होते.

पण त्याच यंत्राचा दुसरा गुण पाहा. आपल्या घरांत एनॅमलचे मग आणि थाळ्या होत्या, आठवतात ना? पडले की टवका उडायचा, आणि तिथून गंज सुरू. टाकीचेही तसेच. आत एखादा जड तवा आपटला, टवका उडाला, की गरम पाणी आणि क्षार पत्रा खात जायचे. भोक पडले की यंत्र भंगारात. म्हणजे आज जी चाळीस वर्षांची यंत्रे दिसतात ती वाचलेली आहेत. जी गंजून गेली ती कोणाच्या नणंदेने पाहिलीच नाहीत.

१९८० च्या सुमाराला काही अमेरिकन कंपन्यांनी टाकी प्लॅस्टिकची केली. ऐकून हसू येते, पण त्यात अक्कल होती. प्लॅस्टिकला गंज नाही, टवका नाही. पुढे चांगल्या यंत्रांत स्टेनलेस स्टील आले. युरोपात जर्मनीच्या मीले कंपनीने १९२९ सालीच विजेवर चालणारा डिशवॉशर काढला होता. आता तर आतल्या स्टीलच्या टाकीला मी दहापैकी नऊ गुण देईन. जुन्या एनॅमलपेक्षा ती सरस आहे, यात शंका नाही.

मग मेले कोण? टाकी नव्हे, तिचे डोके. जुन्या टायमरच्या जागी सर्किटचे कार्ड बसले. पाणी किती गढूळ आहे हे ओळखून ते किती वेळ धुवायचे हे ठरवते. हुशार आहे, पण नाजूक. विजेचा एक झटका बसला की गेले. शिवाय ते दुरुस्त करत नाहीत, बदलतात, आणि जुन्या मॉडेलचे कार्ड मिळेलच असे नाही. चांगली स्टीलची टाकी हातभर कार्डासाठी भंगारात जाते, हे पाहून माझ्यासारख्याचा जीव तुटतो.

बाकी जुन्याचे सारेच गोड नव्हते. जुनी यंत्रे एका वेळी चाळीस-पन्नास लिटर पाणी ओढत. अमेरिकेच्या सरकारने २०१३ पासून नव्या सामान्य आकाराच्या यंत्राला ५ गॅलनची, म्हणजे साधारण १९ लिटरची मर्यादा घातली. म्हणून आता धुवायला दोन तास लागतात आणि लोक कुरकुरतात. त्यात २०१० साली तिथल्या १६ राज्यांनी डिशवॉशरच्या साबणातले फॉस्फेट जवळजवळ बंद केले, कारण त्याने तळ्यांत शेवाळ माजत होते. भांडी पूर्वीसारखी निघेनात, आणि दोष मात्र यंत्राच्या बांधणीला गेला! सुरक्षिततेचेही तसेच. १९८३ ते १९८९ मध्ये बनलेली सुमारे ३१ लाख यंत्रे एका साध्या बटणाने पेट घेऊ शकतात म्हणून १९९९ साली दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. यंत्र दणकट, त्याला कंपनीची गॅरंटी. आणि ज्या हातांच्या जागी ते आले त्या हातांना? अमेरिकेत १९४० साली नोकरी करणाऱ्या काळ्या स्त्रियांपैकी साठेक टक्के परक्या घरांत राबत होत्या. १९३५ साली तिथे म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला, त्यातून घरकाम करणाऱ्यांना वगळले. किमान वेतनाचा कायदा १९३८ चा, तो त्यांच्यापर्यंत पोहोचायला १९७४ साल उजाडले. आपल्याकडे महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला.

म्हणून यंत्रच नको, असे म्हणणारा मी नाही. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरच्या आपल्या ग्रंथात चरख्याच्या तत्त्वज्ञानाला उत्तर देताना यंत्राची बाजू घेतली होती. माणसाला जनावरासारखे राबण्यातून सोडवून फुरसत द्यायची तर यंत्र हवेच, आणि वाईट असेल तर त्याचा लाभ मूठभरांकडे ठेवणारी समाजरचना, असा त्यांचा मुद्दा होता. माझ्या आईने तीन घरची भांडी राखेने आणि काथ्याने घासली. तिला कोणी डिशवॉशर दिला असता तर ती बाराखडी शिकली असती. यंत्र हवे, ते आपल्याही मोरीत हवे.

आता ताईचे सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत सोसायट्यांनी कामवाल्या बायांना दार बंद केले आणि शहरांत ही यंत्रे धडाधड खपली. ताईच्या बाईसाहेबांनी थोडे पुढे घेतले, इतकेच. यंत्र आल्याबरोबर ताईच्या पगारातून भांड्यांचे पैसे कापले गेले. कढया, कुकर, दुधाची पातेली मात्र तीच घासत होती, कारण आपल्याकडचे करपलेले यंत्रात नीट निघत नाही, आणि निघेल तरी ते भांडे आत मावत नाही. आता यंत्र बंद पडले, तर सारी भांडी पुन्हा तिच्यासमोर, पगार मात्र कापलेलाच. "काका, ती मशीन किती वर्षं चालणार ते कळलं असतं, तर मी त्या वेळी कापू दिलं असतं का?" असे तिने मला विचारले.

मी म्हणालो, ताई, यंत्राला नवे कार्ड लागले की त्याचे बिल वेगळे येते. तू पण वेगळे बिल दे.

कार्ड यायला एकोणीस दिवस लागले. ताईने वहीत रोजच्या रोज टिपून ठेवले होते, त्या एकोणीस दिवसांचे भांड्यांचे पैसे तिने मागितले. बाईसाहेबांनी निम्मे दिले. उरलेल्या निम्म्याचे बोलणे चालू आहे, आणि कढया-कुकरचा दर आता वेगळा ठरवायचा, असे तिच्या इमारतीत काम करणाऱ्या इतर बायांनीही परवाच्या रविवारी विहारात बसून ठरवले आहे.