गिझर मोठा, तार जुनीच?



लिंबागणेश हे बीड तालुक्यातले, बालाघाटाच्या डोंगराळ भागातले गाव. डिसेंबर-जानेवारीत फजरच्या वेळी टाकीचे पाणी हाताला झोंबते. घरात वयस्कर अम्मी-अब्बा असतील, सकाळची शाळा असलेली मुले असतील, तर गरम पाणी ही चैन राहत नाही. म्हणून आधी रॉड येतो, मग ३ किलोवॅटचा छोटा इन्स्टंट गिझर. पुढच्या थंडीत 'पाणी कोमटच येतंय, ४.५ किलोवॅटचा घेऊ या' असे घरात ठरू लागते. लिंबागणेशच नव्हे, आपल्या कितीतरी गावांतली ही गोष्ट आहे. दुकानात जाण्याआधी मात्र भिंतीतल्या तारेची चौकशी करा.

पहिला प्रश्न, पाणी कोमट का येते? दर वेळी दोष गिझरचा नसतो. ३ किलोवॅटचा आकडा २३० व्होल्टसाठी असतो. घरात १८० व्होल्टच येत असतील तर तोच गिझर १.८ किलोवॅटएवढेच काम करतो. वायरमनला सांगा, गिझर चालू ठेवून मीटरजवळ आणि न्हाणीघरातल्या पॉइंटवर असे दोन्हीकडे व्होल्टेज मोजा. मीटरजवळच कमी असेल तर तक्रार महावितरणकडे करायची. त्यासाठी १९१२ हा क्रमांक आहे. मीटरजवळ ठीक आणि पॉइंटवर बरेच कमी असेल, तर मधली तार बारीक आहे किंवा कुठला तरी जोड ढिला आहे. अशा घरात मोठा गिझर लावला तर पाणी मनासारखे तापणार नाही, भिंतीतली तार मात्र तापेल.

ती किती तापेल, याचा हिशोब सोपा आहे. ३ किलोवॅटचा गिझर सुमारे १३ अँपिअर करंट ओढतो, ४.५ किलोवॅटचा साडेएकोणीसच्या पुढे. करंट दीडपट झाला की तारेतली उष्णता दीडपट नव्हे, सव्वादोन पट होते. तारेवरचे प्लॅस्टिक हळूहळू कडक होते, तडकते, आणि एक दिवस बोर्डातून जळका वास येतो. म्हणून ३ किलोवॅटला किमान २.५ एमएमची आणि ४.५ किलोवॅटला ४ एमएमची तांब्याची तार हवी. तीही मेन बोर्डापासून गिझरपर्यंत स्वतंत्र. त्याच तारेवर मिक्सर, इस्त्री नको. जुन्या घरात अॅल्युमिनियमची तार असेल तर ती बदलूनच घ्या. मोठा गिझर १६ अँपिअरच्या पिनवर चालवू नये. त्याला २५ किंवा ३२ अँपिअरचा डबल पोल स्विच लागतो.

आता नेहमी घडणारी चूक. नवा गिझर लावला की एमसीबी वारंवार पडतो. मग कोणीतरी सुचवते, 'मोठा एमसीबी टाका, पडणार नाही.' एमसीबी हा तारेचा राखणदार आहे. तार बारीक ठेवून एमसीबी मोठा केला, तर तार जळू लागली तरी तो गप्प बसेल. आधी तार बदलायची, मग तिला झेपेल तेवढाच एमसीबी लावायचा.

दुसरे म्हणजे, एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला नाही. ओल्या अंगाला ०.०३ अँपिअरच्या पुढचा करंटही जीवघेणा ठरू शकतो. २५ अँपिअरच्या एमसीबीला तो कळतही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवा. गळती होताच ती क्षणात लाईट तोडते. तिच्यावरचे 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. आरसीसीबी पडली नाही तर तिचा भरवसा धरू नका.

अर्थिंगही तपासा. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते. त्याचा क्षार कॉइलवर चढतो, कॉइल फुटते आणि करंट पाण्यात उतरतो. अशा वेळी चांगली अर्थिंग जीव वाचवते. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंगही कमजोर पडते, म्हणून तिच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओता. काही ठिकाणी अर्थिंगची तार न्यूट्रललाच जोडून दिलेली असते. बाहेर न्यूट्रल तुटला तर त्याच जोडामुळे गिझरच्या अंगात करंट येऊ शकतो. 'अर्थिंग कुठे जोडली आहे, दाखवा,' असे वायरमनला स्पष्ट विचारा. हे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या.

वीजबिलावरचा 'मंजूर भार'ही वाचा. घरातला वापर त्याहून वाढणार असेल तर महावितरणकडे भार वाढवून मागा. खांबावरून मीटरपर्यंत येणारी तार जुनी असेल तर तेही तेव्हाच सांगा.

हा सगळा खर्च आत्ता झेपणारा नसेल, तर २ किलोवॅटचा १५ लिटरचा टाकीवाला गिझर पाहा. तो ९ अँपिअरच्या आतच राहतो. पूर्ण व्होल्टेज असेल तर १५ लिटर पाणी २० अंशांनी तापायला त्याला दहा-अकरा मिनिटे लागतात. फजरच्या आधी पाव तास लावला की वुजूला आणि एकाच्या अंघोळीला पाणी तयार. स्वतंत्र तार, अर्थिंग आणि आरसीसीबी यालाही हवीच. शिवाय गिझर कोणताही असो, वयस्कर माणसे आणि मुले न्हाणीघरात जाण्याआधी पाणी तापवून बटण बंद करायची सवय लावा.

बाजारात नवा गिझर तासाभरात मिळतो. त्याआधी अर्धा दिवस वायरमनला द्या आणि घरातले कोणीतरी त्याच्या शेजारी उभे राहा.